परदेशातून येणाऱ्या राजकीय बातमीत पक्षपात नेमका कुठून शिरतो

प्रश्न थोडक्यात असा आहे की परदेशातलं राजकारण आणि युद्धं कव्हर करणारा प्रत्येक रिपोर्टर कुठल्या ना कुठल्या बाजूचाच असतो, मग निःपक्षपाती बातमी ही निव्वळ थाप नाही का, दोन्ही बाजूंना सारखी जागा दिली की काम झालं का, रिपोर्टरने स्वतःचं मत सोशल मीडियावर टाकावं का, आणि वाचकाने वाचायचं तरी कुणाचं. बरीच वर्षं परराष्ट्र डेस्कवर काढलीत, मधेमधे फील्डवरही होतो, त्यामुळे जरा लांबण लागेल.

रिपोर्टरला मत असतंच. एखाद्या देशात चार-पाच वर्षं राहून तिथल्या सरकारबद्दल ज्याचं काहीच मत बनलं नाही तो डोळे मिटून राहिला असणार. पण बातमी बिघडते ती मतामुळे कमी आणि बाकीच्या गोष्टींमुळे जास्त, म्हणजे व्हिसा कोण देतं, आपल्याशी इंग्रजीत बोलणारी माणसं कोण, आपल्याला फिरवतं कोण, आणि इकडे ऑफिसात बसलेल्या संपादकाला काय ऐकायचंय. लोक पक्षपात शोधायला रिपोर्टरचं एक्स अकाउंट उघडून बसतात आणि या चार गोष्टी कुणी विचारतच नाही.

वॉल्टर ड्यूरँटीचं उदाहरण सगळेच देतात, पण देताना चुकीच्या कारणासाठी देतात. हा १९२२ पासून न्यूयॉर्क टाइम्सचा मॉस्कोतला बातमीदार, १९३२ मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालेला. युक्रेनमध्ये लाखो माणसं उपासमारीने मरत होती त्या काळात, ३१ मार्च १९३३ ला, त्याची बातमी छापून आली की रशियन लोक भुकेले आहेत पण उपाशी मरत नाहीयेत. डाव्यांचा माणूस होता म्हणून असं लिहिलं, असं म्हणून लोक मोकळे होतात. तर तो पक्का कम्युनिस्ट वगैरे काही नव्हता. मॉस्कोतून बाहेर जाणारी प्रत्येक तार सेन्सॉरच्या हाताखालून जायची, व्हिसा नाकारला की कारभार आटोपला, आणि ड्यूरँटीचं सगळं वजन होतं ते त्याला क्रेमलिनमध्ये शिरकाव होता, स्टॅलिनची मुलाखत मिळत होती यामुळे. त्यात मेट्रो-व्हिकर्स कंपनीच्या ब्रिटिश इंजिनिअरांवरचा खटला तोंडावर आलेला, तो कव्हर करायचा तर सेन्सॉरशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं. गॅरेथ जोन्स नावाचा वेल्श तरुण मात्र युक्रेनच्या खेड्यांतून पायी फिरून आला, आणि तोंड उघडलं कुठे, तर बर्लिनला पोचल्यावर. त्याच्याकडे सांभाळायला मॉस्कोतलं ऑफिस नव्हतं ना. मग मॉस्कोतल्या बातमीदारांनी मिळून त्याला खोटं पाडलं, हे त्यांच्यातल्याच युजीन लायन्सने पुढे स्वतः लिहून ठेवलंय.

म्हणजे ॲक्सेस, सत्तेच्या आत मिळणारा शिरकाव. आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा पक्षपात हा, आणि तो डावा-उजवा नसतो. सीएनएन या अमेरिकन चॅनेलच्या वृत्तविभागाचे प्रमुख ईसन जॉर्डन यांनी एप्रिल २००३ मध्ये, सद्दामची सत्ता पडल्या पडल्या, लिहिलं की इराकमधल्या छळाच्या कितीतरी गोष्टी आपल्याला माहीत होत्या पण सांगता आल्या नाहीत, कारण बगदादमध्ये आपल्यासाठी काम करणाऱ्या इराकी लोकांचे जीव गेले असते. त्यावरून त्यांना पुष्कळ शिव्या पडल्या. मला त्यांचं म्हणणं खोटं वाटत नाही, पण मग पुढचा प्रश्न येतोच की असं असेल तर तिथे ऑफिस चालू ठेवून तुम्ही प्रेक्षकाला नक्की काय दाखवत होतात? याला सोपं उत्तर नाही. आज रशियात तेच चाललंय, मार्च २०२२ च्या कायद्याने सैन्याबद्दल 'खोटी माहिती' पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कैद, आणि वॉल स्ट्रीट जर्नलचा इव्हान गेर्शकोविच मार्च २०२३ मध्ये हेरगिरीच्या आरोपाखाली पकडला गेला तो सुटला थेट १ ऑगस्ट २०२४ ला, कैद्यांच्या अदलाबदलीत. अशा ठिकाणाहून येणारी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, वाचताना लिहिणाऱ्याने काय लिहिलंय इतकंच, किंबहुना त्याहून जास्त, काय लिहिता येत नव्हतं हे बघावं लागतं.

लोकशाही देशातही ॲक्सेस हा प्रकार असतोच, फक्त तिथे तुरुंगाऐवजी लाडीगोडी असते. ८ सप्टेंबर २००२ ला न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापलं की इराक अणुकार्यक्रमासाठी ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवायच्या प्रयत्नात आहे. माहिती सरकारातल्या निनावी अधिकाऱ्यांची. त्याच दिवशी सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि पुरावा म्हणून त्याच बातमीकडे बोट दाखवलं! सरकारने दिलेली माहिती पेपरात गेली, आणि पेपरात आली म्हणून सरकारला पुरावा मिळाला. मे २००४ मध्ये पेपरने या काळातल्या कव्हरेजबद्दल वाचकांसाठी संपादकीय खुलासा छापला, तोवर युद्ध होऊन वर्ष उलटलं होतं. त्याच काळात नाइट रिडर या वृत्तसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल सरकारच्या दाव्यांवर शंका घेणाऱ्या बातम्या देत होते. ते जास्त तटस्थ स्वभावाचे होते म्हणून नाही. त्यांना वरच्या मंडळींच्या खोलीत कुणी बोलवतच नव्हतं, म्हणून ते गुप्तचर खात्यातल्या मधल्या फळीच्या लोकांशी बोलले, जे रोज त्या कागदांवर काम करत होते.

दुसरी गोष्ट इच्छा. वॉल्टर लिपमन आणि चार्ल्स मर्झ या अमेरिकन पत्रकारांनी १९२० मध्ये एक काम केलं होतं जे मला अजून या विषयातलं सगळ्यात भारी काम वाटतं. न्यूयॉर्क टाइम्सने रशियन क्रांतीबद्दल तीन वर्षांत जे काही छापलं ते सगळं घेऊन बसले आणि प्रत्यक्षात जे घडलं त्याच्याशी ताडून पाहिलं. निघालं काय, तर नोव्हेंबर १९१७ ते नोव्हेंबर १९१९ या दोन वर्षांत ९१ वेळा छापलं होतं की बोल्शेविक, म्हणजे क्रांती करून सत्तेवर आलेले कम्युनिस्ट, आता पडणार किंवा पडलेच. दोघांचा निष्कर्ष असा की सेन्सॉर आणि प्रचारक दोन्ही बाहेर शोधायची फारशी गरज नाही, बातमीदार आणि संपादकांच्या मनातली आशा आणि भीती यांनीच ते काम केलं. आणि लक्षात घ्या, दोघांपैकी कुणी बोल्शेविकांचा भक्त नव्हता, त्यांचा आक्षेप साधा होता की असल्या माहितीवर देशाचं धोरण ठरवणार कसं.

शंभर वर्षांनी फार फरक पडलाय असं नाही. २०२३ मध्ये तुर्कस्तानच्या निवडणुकीत अध्यक्ष एर्दोआन आता जाणार असा सूर परदेशी मीडियात किती ठिकाणी होता आठवून बघा. महागाई, भूकंप, विरोधकांची एकजूट, सगळं जुळून आलेलं. प्रत्यक्षात २८ मेच्या दुसऱ्या फेरीत ते ५२ टक्के मतं घेऊन निवडून आले. ओपिनियन पोलही बऱ्यापैकी विरोधी उमेदवाराच्या बाजूला झुकलेले होते त्यामुळे सगळं रिपोर्टरांच्या माथी मारणं बरोबर नाही, पण परदेशी रिपोर्टर इस्तंबूलमध्ये उतरतो, त्याच्याशी इंग्रजीत बोलणारा प्राध्यापक, विद्यार्थी, कॅफेवाला हे बहुतेक एकाच बाजूचे असतात, अनातोलियातल्या, म्हणजे देशाच्या आतल्या भागातल्या, छोट्या गावात जायला दुभाष्या लागतो, दोन दिवस जातात, आणि तिथला माणूस परदेशी माइक बघून मोजकंच बोलतो. रिपोर्टर खोटं काही लिहीत नाही, जे भेटले तेच लिहितो, आणि जे भेटले ते देशाचा नमुना नसतात. राजधानीतून राजकारण कव्हर करणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे, कुठलाही देश घ्या.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड कारण ती दिसतच नाही, ती म्हणजे आपला देश. बाहेरच्या दोघांच्या भांडणात तटस्थ राहणं तुलनेने सोपं असतं हो, खरी परीक्षा आपलं सरकार त्यात असतं तेव्हा. १९८२ च्या फॉकलंड युद्धात बीबीसीने 'आपलं सैन्य' न म्हणता 'ब्रिटिश सैन्य' म्हटलं आणि अर्जेंटिनाचं म्हणणंही ऐकवलं, तर पंतप्रधान थॅचरबाई आणि त्यांच्या पक्षाने देशद्रोहापर्यंत विषय नेला. लान्स बेनेट या अमेरिकन अभ्यासकाने १९९० मध्ये मांडलं होतं की परराष्ट्र धोरणाच्या बातम्यांत मतभेदाला किती जागा मिळते हे बहुतेक वेळा राजधानीतल्या नेत्यांमध्ये किती मतभेद आहेत त्यावर ठरतं. संसदेत दोन्ही पक्ष एकमत असले की पेपरातही वेगळं मत गायब, आणि नेते भांडायला लागले की पेपर एकदम 'टीकात्मक' होतात. डेस्कवर काम केलेल्या कुणालाही हे लगेच पटेल. आणि आपल्याकडचं बघायचं तर ८ मे २०२५ ची रात्र आठवा, कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याच्या बातम्या आपल्या कितीतरी चॅनेलांवर चालल्या, व्हिडिओसकट, आणि बंदर जागच्या जागी होतं. तिथे पक्षपात लपवायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही.

आता उलटं उदाहरण देतो, म्हणजे 'देशाचा माणूस देशाचंच लिहिणार' हेही किती खरं ते कळेल. एप्रिल १९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने पाकिस्तानातल्याच आठ पत्रकारांना पूर्व पाकिस्तानात दहा दिवसांच्या दौऱ्यावर नेलं, उद्देश हा की परिस्थिती पूर्वपदावर आली असं त्यांनी लिहावं. सातजणांनी तसं लिहिलं. आठवा होता अँथनी मस्कारेन्हस, जन्म बेळगावचा, घर कराचीत, तिथल्या मॉर्निंग न्यूजमध्ये सहायक संपादक. हा माणूस लष्कराचाच पाहुणा होता, त्यांच्याच गाडीतून फिरला, त्यांच्याच मेसमध्ये बसला, आणि त्यामुळेच अधिकारी त्याच्यासमोर बिनधास्त बोलले, आज किती मारले, कुठलं गाव जाळलं. बघा, ॲक्सेस पुरेपूर होता, ज्या ॲक्सेसने बाकी सातजण गप्प झाले तोच याच्या हातात पुरावा झाला. कराचीतून लिहिणं शक्यच नव्हतं. तो लंडनला गेला, संडे टाइम्सचे संपादक हॅरल्ड इव्हान्स यांना भेटला, मग परत कराचीला आला, का, तर आधी बायको-मुलं बाहेर पडायला हवी होती, ती निघाल्यावर स्वतः अफगाणिस्तानच्या वाटेने सटकला, आणि १३ जून १९७१ ला ती बातमी छापून आली. तिची ताकद कशात आहे सांगू? ती निर्वासितांच्या सांगण्यावर किंवा भारताने दिलेल्या माहितीवर उभी नव्हती, ज्याला पाकिस्तान सहज प्रचार म्हणून उडवून लावू शकला असता. ती मारणाऱ्यांच्याच तोंडच्या बोलण्यावर उभी होती, अधिकाऱ्यांची नावं, हुद्दे, ठिकाणं यांच्यासकट. मस्कारेन्हसला मत होतं का? अर्थात होतं, बघून तो हादरलाच होता. पण वाचकाला त्याच्या मतावर विश्वास ठेवायची वेळच आली नाही.

मी निःपक्षपातीपणा म्हणतो तो हा. तो माणसाच्या मनात नाही, कामाच्या पद्धतीत शोधायचा. तुला कसं कळलं, कुणी सांगितलं, त्याचा त्यात फायदा काय, तू स्वतः पाहिलंस की ऐकलंस, आणि उद्या उलटा पुरावा आला तर तू छापशील का.

दोन्ही बाजूंना सारखी जागा, हा मात्र आळशी लोकांचा निःपक्षपातीपणा आहे. 'अ म्हणतो असं, ब म्हणतो तसं' लिहून घरी जायचं असेल तर रिपोर्टर पाठवायचा कशाला, दोन प्रेसनोटा जोडल्या की झालं. ऑक्टोबर २०२३ चे ते पहिले दहा-बारा दिवस घ्या. ७ ऑक्टोबरचा हमासचा हल्ला खरा, सुमारे १२०० माणसं मारली गेली हे खरं, पण त्यात '४० बाळांचे शिरच्छेद' हा दावा जगभर गेला, बायडेन यांनीही फोटो पाहिल्यासारखं बोलून टाकलं, आणि मग व्हाइट हाउसला खुलासा करावा लागला की अध्यक्षांनी असे फोटो पाहिलेले नाहीत. दावा सिद्ध झालाच नाही. मग १७ ऑक्टोबरला गाझातल्या अल-अहली हॉस्पिटलमध्ये स्फोट झाला, तासाभरात 'इस्रायली हल्ल्यात ५०० ठार' अशा हेडलाइन जगभर लागल्या, आणि २३ तारखेला न्यूयॉर्क टाइम्सला लिहावं लागलं की सुरुवातीचं कव्हरेज हमासच्या दाव्यांवर जरुरीपेक्षा जास्त विसंबून होतं. स्फोट कशाने झाला यावर वाद चालूच राहिला, अमेरिकी गुप्तचरांचा मृतांचा अंदाज १०० ते ३०० चा आला.

यावरून लोक दोन टोकांचे धडे घेतात, एक म्हणतो इस्रायलचं काही मानू नका, दुसरा म्हणतो गाझाच्या आरोग्य खात्याचे आकडे खोटेच. दोन्ही चूक. आधीच्या युद्धांत, २००८-०९ आणि २०१४ ला, त्याच आरोग्य खात्याचे एकूण मृतांचे आकडे नंतर संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीशी बऱ्यापैकी जुळले होते. म्हणजे सोर्स तोच, पण हॉस्पिटलांतून नावानिशी गोळा केलेला एकूण आकडा ही एक गोष्ट आणि स्फोटानंतर पहिल्या तासात कुणीतरी फोनवर सांगितलेला आकडा ही वेगळी गोष्ट. 'हा सोर्स भरवशाचा आहे का' हा प्रश्नच अर्धवट आहे, कुठल्या बाबतीत भरवशाचा, आणि किती वेळ गेल्यावर, असं विचारायला लागतं.

आणि इथे डेस्कचं पाप सांगायलाच हवं, कारण वाचकाला ते दिसत नाही. वृत्तसंस्थेची कॉपी येते तेव्हा ती बहुधा सावध असते. पहिल्या परिच्छेदात 'असं अमक्या मंत्रालयाने सांगितलं', आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ, 'या माहितीला स्वतंत्रपणे दुजोरा मिळू शकला नाही'. पानावर जागा असते दोनशे शब्दांची. कॉपी कापायची पद्धत खालून वर, त्यामुळे ती दुजोऱ्याची ओळ सगळ्यात आधी जाते. मग हेडिंगवाला बसतो, दोन कॉलममध्ये 'मंत्रालयाचा दावा' बसत नाही, तो जातो. मग वेबसाइटवाला तेच हेडिंग उचलून त्याचं पुश नोटिफिकेशन करतो, त्यातून देशाचं नावही जातं. तीन माणसं, तिघांनाही त्या युद्धाशी काही देणंघेणं नाही, कुणाचाही अजेंडा नाही, आणि वाचकाच्या फोनवर पोचतो तो एका बाजूचा दावा, सिद्ध झालेलं सत्य म्हणून. आमच्याकडे नव्या मुलांना मी एवढंच बजावायचो की खालून कापा पण दुजोऱ्याची ओळ उचलून वर आणा, मग काय हवं ते उडवा.

मग रिपोर्टरने अन्यायाच्या विरोधात उभं राहूच नये का, हा मुद्दा कुणीतरी काढणारच. बीबीसीचे मार्टिन बेल बोस्नियातून आल्यावर म्हणाले होते की मारणारा आणि मरणारा यांच्यात तटस्थ राहणारी पत्रकारिता आपल्याला नको. मला त्यांची तगमग कळते, पण याचं तत्त्व करायला गेलात की प्रत्येकजण आपापला मरणारा निवडतो. त्यापेक्षा ऑगस्ट १९९२ मध्ये बोस्नियातल्या ओमार्स्काच्या, सर्बांनी चालवलेल्या कैद्यांच्या कॅम्पात पोचलेल्या पत्रकारांनी केलं ते पटतं, आत गेले, जे दिसलं ते दाखवलं, जे दाखवायला नकार मिळाला तेही सांगितलं. त्यांच्यातले गार्डियनचे एड व्हलियामी पुढे युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या हेगच्या न्यायाधिकरणात साक्षीला उभे राहिले. उलट वॉशिंग्टन पोस्टचे जोनाथन रँडल यांनी साक्ष द्यायला नकार दिला, आणि डिसेंबर २००२ मध्ये त्याच न्यायाधिकरणाच्या अपील चेंबरने मान्य केलं की युद्धबातमीदाराला फक्त अगदी महत्त्वाच्या आणि दुसरीकडून न मिळणाऱ्या पुराव्यासाठीच बोलवता येईल. दोघांचंही पटण्यासारखं आहे. आज तुम्ही साक्ष दिलीत तर उद्या दुसऱ्या कुणाला कॅम्पाच्या दारातूनच परत पाठवतील, हा धोका कागदावरचा नाही.

वाचायचं कुणाचं? एकच तटस्थ पेपर सांगा म्हणाल तर तसा नाही. मी बातमी उघडली की आधी डेटलाइन बघतो, इराणची बातमी तेहरानहून आलीये की दुबईहून की लंडनहून. वाईट असेलच असं नाही, पण लिपमनच्या वेळी रशियाच्या बातम्या हेलसिंकी आणि स्टॉकहोमहून यायच्या हे डोक्यात ठेवतो. मग बघतो की लष्करासोबत जाऊन केलेली बातमी असेल तर तसं स्पष्ट लिहिलंय का. गाझात ऑक्टोबर २०२३ नंतर परदेशी पत्रकारांना जायला मिळालं ते मुख्यतः इस्रायली सैन्याबरोबरच, तेव्हा ही ओळ महत्त्वाची. निनावी सोर्सला निनावी का ठेवलंय याचं कारण दिलंय का. आणि तळाशी बारीक टायपात ज्यांची नावं असतात त्या स्थानिक पत्रकारांची नावं मी मुद्दाम वाचतो, कारण बहुतेक वेळा प्रत्यक्ष जागेवर तेच असतात, बायलाइनवाला, म्हणजे बातमीवर ज्याचं नाव छापतात तो, हॉटेलात. त्यांचंही मत असतं, त्यांची तर घरंच तिथे असतात, पण कुठल्या गल्लीत काय झालं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. चुका दुरुस्त करणारा पेपर दिसला की मला तो जास्त भरवशाचा वाटतो, कधीच दुरुस्ती न छापणाऱ्याचा मला संशय येतो.

राहिलं ते रिपोर्टरने एक्सवर मत मांडावं का. फील्डवरच्याने मांडू नये असं माझं मत, आणि कारण अगदी व्यवहारी आहे, व्हिसा देणारा अधिकारी आणि चेकपोस्टवरचा माणूस दोघंही तुमचं अकाउंट वाचतात आणि त्याची किंमत बहुधा तुमच्या गाडीतल्या स्थानिक ड्रायव्हरला किंवा फिक्सरला, म्हणजे भेटीगाठी जमवून देणाऱ्या स्थानिक माणसाला, मोजावी लागते, तुम्हाला नाही. डेस्कवाल्यांबद्दल आमच्यातच भांडणं आहेत. मला विचाराल तर ज्या देशाची कॉपी तुमच्या हाताखालून जाते तो देश सोडा, बाकी जगावर काय लिहायचं ते लिहा.